दोन पात्यांच्या सडकेवरचं औषधपाणी

शिंप्याच्या दुकानात दोन गोष्टी कधी संपत नाहीत, चिंध्या आणि लोकांच्या गप्पा. चिंध्या निदान संध्याकाळी झाडून टाकता येतात. गप्पा मात्र साठतच जातात, आणि त्यातही तब्येतीच्या गप्पा तर विचारूच नका! माणूस बंडीचं माप द्यायला हात वर करतो, आणि हात खाली येईपर्यंत काखेतल्या गाठीपासून बायकोच्या पित्तापर्यंत सगळं सांगून मोकळा होतो. जन्मभर ऐकत आलो. आता मशीन मुलाच्या ताब्यात दिलंय, तेव्हा थोडं मलाही बोलू द्या.

आमचं देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं. थोरली पाती आणि धाकटी पाती. मधून बाजाराची सडक, सडकेच्या अलीकडे एक दरबार आणि पलीकडे दुसरा. कचेऱ्या दोन, दवाखाने दोन, शिपायांचे पोशाखही दोन तऱ्हांचे. आमचे वाडवडील मराठ्यांच्या लष्कराबरोबर सुई-दोरा घेऊन माळव्यात आले ते इथलेच झाले. माझं दुकान थोरल्या पातीत, पण अगदी सडकेला लागून. पुढे दगडी ओटला. दिवेलागणीच्या आधी तिथं आमची मंडळी जमायची.

मंडळी म्हणजे तिघं. एक वैद्यबुवा, राहायला धाकट्या पातीत, नाकात सदा तपकीर. दुसरा जाधव पहिलवान, तालमीचा उस्ताद, मान नावाची वस्तू देवानं त्याला दिलीच नव्हती. आणि तिसरे आमचे अण्णा, थोरल्या पातीच्या कचेरीत हद्दीचे कागद सांभाळणारे कारकून. माणूस लाखातला, पण नियमाला असा चिकटलेला की विचारू नका.

अण्णांचं घर माझ्या दुकानाला लागूनच, घरी यमुनाबाई. अण्णांचं वय चाळिशीला टेकलं होतं आणि पाळणा रिकामा होता. दोनदा मूल झालं, आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत गेलं. पहिल्या खेपेची झबली मीच शिवून दिली होती. दुसऱ्या खेपेची शिवली, पण न्यायला कोणी आलं नाही. मीही कधी विषय काढला नाही. काय काढायचा?

त्यानंतर चार-पाच वर्षांनी, प्लेगाच्या दिवसांत, यमुनाबाईंना पुन्हा दिवस गेले. अण्णा ओटल्यावर येऊन बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "मंडळी, या खेपेला आरोग्यात कसूर होता कामा नये. हे मूल जगलं पाहिजे. जो जे सांगेल ते मी करणार."

झालं! आमच्या ओटल्यावर सल्ल्याला काय तोटा?

* * *

पहिला सल्ला पहिलवानाचा. "अण्णा, आधी बाप दणकट पाहिजे. बापच मरतुकडा असला तर पोर कुठून धडधाकट येणार, भिया?" भिया म्हणजे आमच्या माळव्यात भाऊ.

आता यमुनाबाईंना तिसरा महिना लागलेला. बापाच्या दणकटपणाचं जे काय काम होतं ते केव्हाच उरकलं होतं. पण हे अण्णांना सांगणार कोण?

दुसऱ्या दिवसापासून अण्णा तालमीत. आणि तेही पागोटं बांधून! दरबारचा कारकून चारचौघांत बोडक्या डोक्यानं कसा दिसेल? जोर काढताना खाली गेले की पागोटं घसरायचं, म्हणून एक हात जमिनीवर आणि एक पागोट्यावर. पहिलवान बघतच राहिला. "अण्णा, एका हातावर जोर तर मला पण जमत नाही!"

वर खुराक. रोज मोठा पेला बदामाचं दूध, त्यात लोण्याचा गोळा. महिन्याभरानं अण्णा मोठ्या दिमाखात माझ्या दुकानात आले. "सदोबा, कोट घट्ट होतोय. छाती भरलेली दिसते. माप घे."

मी फीत लावली. छाती होती तिथंच होती. मग जरा खाली सरकलो.

"वाढलंय खरं, अण्णा," मी म्हटलं, "पण एक वीत चुकून खाली वाढलंय!"

* * *

चहा तेव्हा आमच्याकडे नवाच होता. काही घरांत आला होता, पण लोक त्याच्याकडे जरा संशयानंच बघायचे. अण्णांना इंदूरच्या कोणीतरी सांगितलं, चहा पिणाऱ्याला प्लेग धरत नाही. इकडं वैद्यबुवा म्हणाले, "चहानं रक्त आटतं! बाळंतपण जवळ असलेल्या घरात ती पत्ती आणू सुद्धा नका."

अण्णा पेचात. दोघांचंही ऐकायचं तर होतं. शेवटी त्यांनी मधली वाट काढली. चहा घरात करायचा, पण औषध म्हणून घ्यायचा. माप काय? तर देवघरातली पळी! सकाळी एक पळी, संध्याकाळी एक पळी. घरी येईल त्यालाही तेवढाच.

एकदा पहिलवान त्यांच्याकडे गेला. अण्णांनी समोर बसवला, म्हणाले, "हात पुढं कर." पहिलवानानं उजवा हात पुढं केला. अण्णांनी पळीभर गरम चहा तळहातावर सोडला. आता पळीतून हातावर पडलं म्हणजे आपल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पहिलवानानं मोठ्या भक्तीनं तो भुरका मारून प्यायला, डोळे मिटले आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. तुळतुळीत टकलावर चहा!

वैद्यबुवा तिथंच बसले होते. तपकिरीची चिमूट नाकाशी नेत म्हणाले, "चहाचा एवढा उपयोग मात्र मला मान्य आहे. उगवले तर कळवा!"

* * *

मग आला बत्तीस घासांचा, म्हणजे बत्तीस वेळा चावण्याचा नाद.

हा वैद्यबुवांचा. "अण्णा, सगळे रोग पोटातून. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावून खायचा, मोजून! आणि तुमचं बघून घरातली माणसं तेच करतील." अण्णांनी मान हलवली, आणि अण्णांनी मान हलवली म्हणजे काम पक्कं.

त्याच सुमाराला धारेला, म्हणजे धार गावी, अण्णांच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न निघालं. कपडे शिवायचं काम माझ्याकडे होतं म्हणून मीही बरोबर गेलो. धारेला माणसं मोठी हौशी. तळ्याकाठची हवा, आंब्याच्या झाडाखाली मांडव, आणि जेवायला माळव्याचा थाट, दाल-बाफले! आता बाफला म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे. उकडून, भाजून, वर तुपात बुडवलेला कणकेचा गोळा. तो मोडून डाळीत कुस्करला तरी त्याचा घास काही हलका होत नाही.

आमची पंगत अंगणाच्या पलीकडं होती आणि अण्णांची ओसरीवर. पण दिसत सगळं होतं. ओसरीवर एका बाजूला बुजुर्ग मंडळी, कडेला अण्णा. जेवणं झाली. सगळ्यांचे हात थांबले. पण पंगतीची रीत अशी की शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी उठायचं नाही. आणि शेवटचा माणूस डोळे मिटून बाफला चावत होता. मोजत होता! मधेच कोणी "अण्णा, आणखी तूप?" म्हणून विचारलं की आकडा चुकायचा आणि पहिल्यापासून मोजणी सुरू.

लोकांच्या हातावरच्या डाळीनं वाळून पापुद्रे धरले. वाढपी दोनदा उभे राहून पुन्हा बसले. पोरं रडकुंडीला आली. दुसरी पंगत दारात ताटकळत उभी. कोणी काही बोलेना, कारण अण्णा नवरीच्या बापाच्या जागी.

शेवटी पंगतीतले सगळ्यांत वयस्क काका, ज्यांना धड ऐकू यायचं नाही की दिसायचं नाही, ते शेजारच्याला मोठ्यानं म्हणाले, "काय रे, मुलीच्या लग्नाच्या जेवणाला बसलो होतो ना आपण? तिच्या पोराच्या बारशाला उठायचंय का?"

बारशाचं नाव निघालं आणि अण्णांचा घास तोंडातच थांबला.  पण अण्णांनी घास गिळला, तसाच, अख्खा! आणि म्हणाले, "उठा मंडळी, उठा. बारसं तर आमच्याकडे व्हायचंय."

* * *

ग्रहणाची तऱ्हा ऐका.

पोटुशी बाईनं ग्रहणात काही चिरू नये, कापू नये, शिवू नये. हे सगळेच पाळतात, आमच्याही घरी पाळतात. पण ग्रहणाच्या दिवशी सकाळीच अण्णा दुकानात हजर. "सदोबा, आज दुकान बंद ठेव."

"का बुवा?"

"तुझ्या कात्रीचा आवाज आमच्या माजघरापर्यंत येतो."

"आवाज येतो, अण्णा. पातं येत नाही!"

"थट्टा करू नकोस. माझं मूल आहे."

 मी कात्री गुंडाळून फळीवर ठेवली. लग्नसराईचे दिवस, गिऱ्हाईक दारात येऊन शिव्या घालून गेलं. ग्रहण सुटल्यावर दुकान उघडलं तर अण्णा पुन्हा समोर, हातात फाटका सदरा. "जरा टाका घाल रे. ग्रहणात खुंटीला अडकून फाटला."

मी म्हटलं, "बघा! मी बंद ठेवलं तरी कापाकापी व्हायची ती झालीच!"

* * *

सातवा महिना लागला तशी अण्णांच्या घरी औषधांची रांग लागली. वैद्यबुवांचं शतावरीचं तूप. पहिलवानाचे बदाम. शेजारणींचे नारळ, मूल गोरं व्हावं म्हणून. कचेरीतल्या कोणी सांगितलेलं मधातलं सुवर्णमाक्षिक भस्माचं चाटण. अण्णा स्वतः सकाळ-संध्याकाळ सगळं ताटात मांडून आत नेऊन द्यायचे, आणि ताट रिकामं बाहेर आलं की समाधानानं ओटल्यावर येऊन सांगायचे, "आज सगळं घेतलं हो तिनं! एक कण टाकला नाही."

यमुनाबाई बोलायला अगदी कमी. अण्णांच्या समोर तर त्यांचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. पण त्यांच्या अंगावर काही ते दिसेना. चेहरा तसाच, हात तसेच.

एके दिवशी पहिलवान अण्णांच्या परसात गेला. परत आला तो डोळे मोठे करून. "अण्णा, एक विचारू? तुमच्या घरची गाय कुठल्या तालमीत जाते?"

"म्हणजे?"

"असली मांड तर माझ्या पठ्ठ्यांची पण नाही, भिया! कातडी बघा कशी चमकते! बदाम खाल्ल्याशिवाय असं होत नाही."

अण्णा काहीच समजले नाहीत. पण आमची ही समजली. तिनं दुसऱ्या दिवशी नदीवर यमुनाबाईंना गाठलं. यमुनाबाई हसल्या आणि म्हणाल्या, "मी भाकरी खाते, मेथी खाते, ताक पिते. मला तेवढंच पचतं. बाकीचं सगळं तिला. ती बिचारी कोणाला नाही म्हणत नाही."

मला हे कळल्यावर मी आठवडाभर अण्णांच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. हसू आलं असतं!

* * *

वैद्यबुवांची एक छोटीशी गोष्ट सांगतो, मग पुढं जातो.

वैद्यबुवा सगळ्यांना बाभळीच्या काडीनं दात घासायला सांगायचे. "दवाखान्यात दात उपटतात ते कसाई!" असं त्यांचं म्हणणं. एके दिवशी त्यांची दाढ अशी ठणकली की मुंडकं शालीत गुंडाळून, सडक ओलांडून, थोरल्या पातीच्या दवाखान्याकडे निघाले. आणि समोरून थोरल्या दवाखान्यातला कंपाउंडर मुंडकं उपरण्यात गुंडाळून वैद्यबुवांच्या घराकडे येत होता. त्याला मूळव्याध!

दोघं सडकेच्या मधोमध समोरासमोर आले. दोघांनी एकमेकांना ओळखलं. ओटल्यावर आम्ही श्वास रोखून बसलो.

"राम राम. फिरायला निघालात?"

"हो. तुम्हीही?"

"हो. हवा छान आहे."

* * *

त्या वर्षी उंदीर पडू लागले. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना सांगायला नको. गल्लीत मेलेला उंदीर सापडला की ती गल्ली रिकामी करून माणसांनी रानात झोपड्यांत जाऊन राहायचं. थंडीचे दिवस, आणि यमुनाबाईंना आठवा महिना. अण्णांची झोप उडाली होती. रोज सकाळी उठून आधी कोनाडे तपासायचे, मग देवाला नमस्कार.

आणि एके दिवशी उंदीर पडला. कुठं? बरोबर सडकेच्या मधोमध!

थोरल्या पातीचा शिपाई आला, धाकट्या पातीचा शिपाई आला. थोरला म्हणाला, "हा तुमचा." धाकटा म्हणाला, "तोंड आमच्याकडं आहे, म्हणजे येत होता तुमच्याकडून!" ज्याचा उंदीर त्याची गल्ली रिकामी. मग कोण कबूल करतो? अण्णा धावत आले. हद्दीचे कारकून ते! आल्या आल्या मला हाक. "सदोबा, फीत आण!"

मी फीत घेऊन गेलो. काय करता? नाकाला फडकं बांधून, लांबून, सडकेची रुंदी मोजली. दोन्हीकडचे शिपाई फितीची टोकं धरून उभे. बाजार जमला.  मध्य काढला तर मुंडकं आणि पुढचे पाय धाकट्या पातीत, बाकी थोरल्यात!

"बहुमत थोरल्याचं," धाकटा शिपाई म्हणाला.

"मुंडकं असेल तिकडचा माणूस धरतात," अण्णा ओरडले. "उंदीर का नाही?"

हा वाद चालू असतानाच वरून घार आली, झपकन झडप घातली आणि तो उंदीर उचलून टेकडीवरच्या देवीच्या दिशेनं निघून गेली. सगळे माना वर करून बघत राहिले.

धाकटा शिपाई फीत सोडत म्हणाला, "भिया, आता वरच्या कोर्टात गेलं प्रकरण!"

* * *

आणि आता शेवटचं.

धाकट्या पातीनं त्या वर्षी एक शिकलेली नर्स नेमली होती. मार्थाबाई. नगरकडच्या, ख्रिस्ती, मराठी अशी स्वच्छ बोलायच्या की ऐकत राहावं. माझ्या दुकानाच्या बरोबर समोर, सडकेपलीकडं, त्यांना दोन खोल्या दिल्या होत्या. चुन्यानं पांढऱ्याफेक रंगवलेल्या, मोठ्या खिडक्यांच्या. तिथं जाऊन बाळंत झालेल्या बायका पोरं कडेवर घेऊन माझ्या दुकानासमोरून घरी जायच्या. मी बघायचो. आमची ही पण बघायची. आणि माडीच्या खिडकीतून यमुनाबाई पण बघायच्या.

यमुनाबाईंचे दिवस भरत आले तेव्हा मी अण्णांना म्हटलं, "मार्थाबाईंना घरी बोलवा."

अण्णा म्हणाले, "त्या धाकट्या पातीच्या नोकर. इकडं येऊन काम करायचं तर आमच्या कचेरीची परवानगी हवी. मी अर्ज केलाय."

"कोणाकडं?"

"असले अर्ज माझ्याकडंच येतात. मी तो रीतसर घेतला आणि वर पाठवला."

"मग?"

"वरून परत आला. 'पूर्वीचा प्रघात काय आहे, हद्दीच्या कारकुनानं कळवावं.'"

"म्हणजे तुम्हीच! मग काय कळवलंत?"

अण्णांनी मान खाली घातली. "कळवलं, असा प्रघात नाही."

मी कपाळावर हात मारला. "अहो अण्णा! स्वतःच्या बायकोसाठी?"

"खोटं कसं लिहू, सदोबा? प्रघात नाहीच!"

"मग वहिनींनाच तिकडं न्या की. चार पावलांवर तर आहे!"

"आणि मूल तिकडं जन्मलं तर? आमच्या घराण्याची तीन पिढ्यांची चाकरी थोरल्या पातीची. माझ्या जागी उद्या मुलगा बसायचा. धाकट्या पातीत जन्मलेल्याला थोरलीचं दफ्तर कोण देईल?"

 ठरली ती जुनीच सुईण. तीच खोली, पडदे सोडलेली, आत शेगडी. दोन्ही खेपेला हेच होतं. आमच्या हिनं एकदा यमुनाबाईंना मार्थाबाईंशी नदीवर बोलताना पाहिलं होतं. मार्थाबाईंनी फक्त एवढंच विचारलं, "आधीच्या दोघांची नाळ कशानं कापली होती?" यमुनाबाई म्हणाल्या, "विळ्यानं. गवताच्या." मार्थाबाई नुसता त्यांचा हात धरून बसल्या.

कळा लागल्या त्या सकाळी, बाजार नुकता उघडला तेव्हा. सुईण काखेत गाठोडं घेऊन आली. अण्णा ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले. वैद्यबुवा आले, पहिलवान आला. मी दुकान उघडं टाकून अण्णांच्या दारात उभा.

आतून दार उघडलं. सुईणीनं हाक मारली असेल म्हणून अण्णा वळले. दारात यमुनाबाई होत्या. चेहरा घामानं डबडबलेला, एक हात पोटाखाली. त्या कोणाकडं बघत नव्हत्या. उंबरा ओलांडला, पायऱ्या उतरल्या, आणि सरळ चालू लागल्या. आमची ही धावत जाऊन त्यांच्या काखेत शिरली.

"अगं, कुठं?" अण्णा मागं धावले. "अगं, सडक! सडक आली!"

बाजार थांबला. तराजू हातातच राहिले. सडकेच्या बरोबर मधोमध यमुनाबाईंना कळ आली. त्या वाकल्या, ओठ चावला, उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूचे शिपाई काठ्या घेऊन पुढं आले आणि कोणाला काही सुचेना म्हणून तसेच मागं सरकले. अण्णा त्यांच्यापाशी पोहोचले. "यमुने, परत चल. लोक बघताहेत. माझी चाकरी..."

यमुनाबाईंनी मान वर केली. मी त्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. सगळ्या बाजारानं ऐकला.

"तुमची पाती तुम्ही सांभाळा. मला माझं मूल हवंय. जिवंत."

आणि त्या पलीकडे गेल्या. पांढऱ्या खोलीचं दार मार्थाबाईंनी उघडून धरलं होतं. दार लागलं.

अण्णा तिथंच उभे. ना इकडं, ना तिकडं. बैलगाड्या त्यांना वळसा घालून जाऊ लागल्या. पहिलवान त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला, नुसता, गाडी अंगावर येऊ नये म्हणून. वैद्यबुवांनी तपकिरीची डबी काढली, बघितली आणि तशीच खिशात ठेवली. ऊन वर चढलं. खोलीतून काही ऐकू येईना. मला ते सहन होईना म्हणून मी दुकानात जाऊन मशीनवर बसलो, आणि एक टाकाही न घालता परत उठून आलो.

मग रडण्याचा आवाज आला. बारीक, चिडका, थांबता थांबेना असा.

खिडकी उघडली. मार्थाबाई म्हणाल्या, "मुलगी. दोघी सुखरूप आहेत."

पहिलवान लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. मी अण्णांकडं बघितलं. तीन पिढ्यांची चाकरी, दफ्तर, मुलगा! मला वाटलं, आता हा माणूस काय म्हणतो कोण जाणे.

अण्णांच्या तोंडातून एवढंच निघालं, "रडतेय ना?"

"कान नाहीत का तुम्हाला?" मार्थाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात आतून यमुनाबाईंचा आवाज आला. थकलेला, पण स्पष्ट. "अहो, बघायची असेल तर या. पण हात धुऊन या."

बाळंतिणीच्या खोलीत नवरा? पहिल्या दिवशी? सुवेराच्या विटाळात? वैद्यबुवा "अण्णा, अहो अण्णा!" म्हणून पुढं झाले. अण्णांनी पागोटं काढलं, न बघता माझ्या हातात दिलं आणि बोडक्या डोक्यानं सडक ओलांडली.

दारात तसराळं होतं, गरम पाणी होतं, उग्र वासाचा साबण होता. अण्णा उकिडवे बसले आणि हात धुवायला लागले. मनगटं धुतली. कोपरापर्यंत धुतले. पुन्हा साबण घेतला, पुन्हा धुतले. नाकावरून पाणी गळत होतं आणि ते तसराळ्यातलं नव्हतं. बोटांच्या बेचक्या, नखं, पुन्हा कोपर. सगळा बाजार, थोरला आणि धाकटा, उभा राहून बघत होता. अण्णांचं काही संपेना.

शेवटी मार्थाबाईंनी त्यांच्या हातातून साबण काढून घेतला.

"पुरे, कारकूनसाहेब. आता कातडं तेवढं राहू द्या, मुलगी धरायला लागेल!"